रुवैसच्या वाळूत ऑल्गानं काढलेलं घर

फेब्रुवारीत ऑल्गाचा निरोप आला. "या महिन्याअखेर मी कायमची अलास्काला परत जाते आहे. यायचं असेल तर त्याआधी ये." मी लगेच व्हिसासाठी अर्ज केला. मुलगा म्हणाला, "आई, या वयात एकटी? आणि तेही रुवैसला? लोक दुबई बघायला जातात." मी म्हटलं, दुबई वाटेत लागतेच.

ऑल्गा ही माझ्या धाकट्या बहिणीची, शुभाची, मैत्रीण. शुभा आणि तिचे यजमान प्रकाश बरीच वर्षं अबू धाबीच्या पश्चिमेला, समुद्रकाठच्या रुवैसला होते. प्रकाश रिफायनरीत, शुभा तिथल्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी शुभा गेली. दुखणं कळलं तेव्हा माझा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला होता, आणि तो हातात यायच्या आत सगळं आटोपलं होतं. शेवटच्या दिवसांत प्रकाशच्या पाळ्या सांभाळून ऑल्गाच तिच्याजवळ बसायची. मला एकच विचारायचं होतं. शुभानं माझी आठवण काढली का? फोनवर हे विचारता येत नाही. मला तरी आलं नाही.

पहिला मुक्काम दुबईत, अल मनखूलला केला. जाणाऱ्यांसाठी सांगते, हॉटेल साधंच घ्या पण इथंच घ्या. खाली उतरलं की डोसा, वडा, चहा, सगळं आपल्या तोंडाच्या चवीचं. चहा दोन दिरहम, म्हणजे आपले पन्नासेक रुपये; हा हिशेब पहिल्या दिवशी करायचा आणि मग सोडून द्यायचा. लिफ्टमध्ये एक तरुण आई लेकीला म्हणत होती, "अगं, आजींना नमस्कार कर." लेक म्हणाली, "हाय आंटी. मम्मा, आय अॅम हंग्री." आई ओशाळून हसली. "काय करणार, घरात बोलतो हो आम्ही, पण ही उत्तर इंग्लिशमध्येच देते." मीही हसले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलताना सापडलं की गळ्यात पाटी अडकवत. सिस्टर्स मायाळू होत्या. मी पडले तेव्हा सिस्टरनं स्वतःच्या हातानं गुडघा धुतला होता. पण पाटीही त्याच हातांनी अडकवली जायची.

दुसऱ्या दिवशी बसनं अबू धाबी आणि तिथून टॅक्सीनं मोहम्मद बिन झायद सिटी. प्रकाश आता तिथं राहतात. शुभा गेल्यावर त्यांनी बदली मागून घेतली. त्यांनी स्वतः पोळ्या केल्या होत्या, जाडजूड. "सुमनताई, रुवैसला मी येत नाही," एवढंच म्हणाले. मीही आग्रह केला नाही. भिंतीवर शुभाचा शाळेच्या सहलीतला फोटो होता, उन्हानं डोळे बारीक केलेला. मला तो लावलेला आवडला नाही, आणि बघायचंही थांबता येईना.

रुवैसची बस सकाळची घ्या. खिडकी उजवीकडची पकडा, मधूनमधून समुद्र दिसतो. डावीकडे वाळू, पुन्हा वाळू आणि विजेचे मनोरे. शेजारी खेडचा एक माणूस होता, परांचीचं काम करणारा. उंच बांधकामाला लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारतात, ते काम.

"मावशी, रुवैसला कोण आहे तुमचं?"

"बहीण होती."

"होती म्हणजे, गेली परत गावाला?"

मी नुसती मान हलवली. त्यानं खिशातून खजूर काढून माझ्या हातावर ठेवला. "घ्या. साखर कमी होते प्रवासात." थोड्या वेळानं म्हणाला, "रुवैसला बघायला काय नाय हो. धुरांडी आणि समुद्र. पण समुद्र चांगला आहे, आपल्यासारखा ओरडत नाय."

ऑल्गा बसथांब्यावर उभी होती. ठेंगणी, रुंद चेहरा, पांढऱ्या केसांची वेणी, पायांत शुभाच्या असाव्यात तशा कोल्हापुरी चपला. वय सत्तरीच्या पुढे. तिनं मला मिठी मारली नाही. माझी बॅग घेतली आणि चालू लागली.

तिचं घर अर्धं खोक्यांत गेलेलं होतं. जेवणात तिनं सुरमई वाफवली होती, वर कसलाही मसाला नाही. "शुभा यावर गुपचूप तिखट टाकायची," ती म्हणाली आणि तिखटाची बाटली माझ्यापुढे सरकवली.

संध्याकाळी मी तिला तिच्याबद्दल विचारलं. ती सांगत गेली, थांबत थांबत. अलास्कात कुस्कोक्विम नदीच्या काठचं गाव, लोक युपिक, भाषाही युपिक. लहानपणी तिला दूरच्या वसतिशाळेत पाठवलं. तिथं आपली भाषा बोललेल्या मुलीचं तोंड साबणानं धुवायचे. "म्हणून मी शिक्षिका झाले," ती म्हणाली. "साबणाच्या वडीच्या बाजूला नाही, तोंडाच्या बाजूला." गावात पहिलीच्या मुलांना स्वतःच्या भाषेत वाचायला पुस्तकंच नव्हती. तिनं म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून त्यांच्या गोष्टी उतरवून घेतल्या आणि पुस्तकं केली. पुढे पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठात जाऊन डॉक्टरेट केली. विषय होता तिच्या गावच्या मुलींचा एक खेळ. मुली नदीकाठच्या चिखलात सुरीनं चित्र काढत गोष्ट सांगतात. आधी घराचा आराखडा, मग माणसं. एक प्रसंग संपला की चित्र पुसायचं आणि त्याच जागी पुढचं काढायचं.

"परीक्षकांनी विचारलं, यात शिक्षण काय आहे? मी म्हटलं, घर कसं असतं, कोण कुठं झोपतं, कोण कोणाचं लागतं, सगळं मुलगी यातूनच शिकते."

यजमान वारल्यावर ती इथं प्राथमिकच्या शिक्षकांना शिकवायला आली. इथंही तोच हट्ट. मुलांना घरच्या भाषेतली गोष्ट शाळेत आणायला सांगा. पालक म्हणायचे, इंग्लिश बिघडेल. शुभानं सगळ्यांत आधी ऐकलं, आणि दर शनिवारी मराठी मुलांची गोष्टींची बैठक सुरू केली.

एवढं बोलणं झाल्यावर मी धीर केला. "ऑल्गा, शेवटी तिनं माझी आठवण काढली का?"

ऑल्गानं भुवया उंचावल्या. उठून केटली ठेवायला गेली.

मी त्या भुवयांकडे बघतच राहिले. हे काय विचारणं झालं, असाच त्यांचा अर्थ होता. मी चहा न घेताच खोलीत गेले. उशीत तोंड घालून रडले. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं.

सकाळी प्रकाशना फोन केला आणि सांगितलं, लवकर परत येते. कारण विचारल्यावर राहवलं नाही, कालचं सगळं सांगितलं. प्रकाश चक्क हसले. पुष्कळ दिवसांनी हसल्यासारखे.

"अहो सुमनताई, तिच्याकडे भुवया वर करणं म्हणजे हो. त्यांच्यात सगळे तसंच करतात. शुभाला पहिलं वर्षभर वाटायचं, बाईंना माझा राग येतो. विचारायची काही आणि तोंड पाडून घरी यायची. तुम्ही दोघी बहिणी अगदी सारख्या."

मी स्वयंपाकघरात गेले. ऑल्गा पाव भाजत होती. "काल तू हो म्हणालीस?" मी विचारलं. तिनं पुन्हा भुवया उंचावल्या. मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "चल, समुद्रावर जाऊ. हे तोंडानं सांगता येत नाही."

लोण्याची साधी सुरी तिनं पिशवीत टाकली. आजीची हस्तिदंती सुरी गावच्या शाळेला देऊन आल्याचं म्हणाली. "ती विमानात नेली असती तर मला तुरुंगात टाकलं असतं."

समुद्र खरंच ओरडत नव्हता. ओहोटी होती. ऑल्गानं ओल्या वाळूवर हात फिरवून ती सपाट केली आणि सुरीच्या टोकानं रेघा ओढल्या. शुभाचं घर. दार, ओटा, पलंग. पलंगावर छोटी आकृती. "हा पहिला आठवडा. ती शनिवारच्या मुलांचे निबंध तपासते आहे. मला वाचून दाखवते आणि हसते." तळव्यानं पुसलं. मग दवाखाना, दोन खिडक्या, एका खुर्चीत प्रकाश. "हा झोपला आहे. ती मला म्हणते, त्याला उठवू नकोस." पुसलं. मी मोबाइल काढला. "थांब, फोटो घेऊ दे."

"नको. हे राहिलं तर पुढचं येत नाही."

मोबाइल ठेवून दिला. पुन्हा तोच पलंग, त्याच्या कडेला एकच माणूस.

"ही मी," ऑल्गा म्हणाली. "ती आता मला ओळखत नाही. डोळे मिटलेले आहेत. ती हाक मारते, ताई."

मी वाळूतल्या त्या पलंगाकडे वाकले.

"मला माहीत होतं ताई म्हणजे कोण. तिनं पुष्कळदा सांगितलेलं. हाक आली की काय म्हणायचं, तेही तिनंच शिकवलेलं. मी म्हटलं, ओ."

ती ओ तिनं अगदी आपल्यासारखी दिली, शेवटी किंचित उंच.

"तिनं पुन्हा हाक मारली नाही. हात माझ्या हातात ठेवला. आमच्यात माणूस गेलं की त्याचं नाव दुसऱ्याला देतात, नातंही देतात. ते खोटं मानत नाहीत. पण तुमच्यात काय मानतात, मला माहीत नव्हतं. म्हणून तुला बोलावलं. मी तुझी जागा घेतली. तू रागावलीस तर मी ऐकून घेईन."

मला राग आला होता. हेवाही वाटला, तो तर अजून वाटतो. आणि त्याच वेळी वाटलं, त्या खोलीत ही नसती तर? मी तसं म्हटलं नाही. म्हटलं एवढंच, "बरं केलंस."

तिनं सुरी वाळूत रोवली आणि हात मागे घेतला. हे चित्र पुसायचं माझ्याकडे होतं. मी फार वेळ तशीच बसले. मग तळवा ठेवला आणि पुसलं. वाळू गार होती.

परतीचा प्रवास सोपा झाला. रुवैसला जायचं असेल तर अबू धाबीच्या बसस्थानकावर आधी बसचं कार्ड भरून घ्या, आत रोख घेत नाहीत. उन्हाळ्यात जाऊ नका. तिथं बघण्यासारखं काय आहे असं मला शेजारणीनं विचारलं; मी दुबईच्या उंच इमारतींबद्दल सांगितलं, तिचं समाधान झालं. ऑल्गा गावी पोचली आहे. नदी अजून गोठलेली आहे, बर्फ वितळून चिखल व्हायला वेळ आहे, आणि शाळेतल्या मुली वाट बघताहेत, असं तिनं कळवलं.

मला नुसतं ताई, मागेपुढे नाव न लावता, शुभाच म्हणायची. काल दुपारी कपडे वाळत घालत होते. खालून जिन्यातून कुणा मुलीनं हाक मारली, "ताई!" आमच्या सोसायटीत ताया पुष्कळ आहेत. ती हाक माझ्यासाठी नव्हती, हे मला कळत होतं.

मी ओ दिली.