तिथे सायकल चालत नाही

हेल्मेट मी उलटं घातलं होतं.

मला ते कळलंही नसतं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी गॉगल कपाळावर सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाऊ, हेल्मेटला पुढची बाजू असते." सगळे हसले. मीही हसलो. अशा हसण्यात माझा नंबर नेहमी पहिला. आपणच आधी हसलं की लागलं नाही असं लोकांना वाटतं. मग एकजण माझ्या सायकलीभोवती फेरी मारून आला. कॅरिअर हलवून बघितलं. "अँटिक आहे राव! हिच्यावर दूध घालता की पेपर टाकता?"

पुन्हा हसलो.

डांडीवर माझी मुलगी बसली होती. तिला तीन पूर्ण व्हायचीत अजून. ती हसली नाही. ती सगळ्यांकडे बघत होती आणि मधूनच माझ्याकडे.

हा जळगावातला रविवारचा सायकल ग्रुप. ऑफिसातल्या साहेबांनी मला त्यात घातलं. माझी साखर वाढली होती. पोट तर त्याच्या कितीतरी आधी वाढलेलं. मुलगी आम्हाला उशिरा झाली. रस्त्यात लोक मला तिचा आजोबा समजतात, मी दुरुस्ती करत नाही, वेळ वाचतो. बायको म्हणाली, "रविवारी पोरीला घेऊन निघत जा. तुमचं पोट उतरेल, माझ्या डोक्याचा ताप." म्हणून मी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काळी सायकल माळ्यावरून काढली. मिस्त्रीकडून डांडीवर लहानगी सीट बसवली. बायकोने जुन्या गोधडीची गादी शिवून दिली. मला वाटलं, झाली तयारी.

तिथे जाऊन बघतो तर काय! ते लोक आपली सायकल दोन बोटांवर उचलत होते. माझी उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक मी असून चालत नाही. त्यांच्या पोटऱ्यांचा हेवा वाटला. त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांचा वाटला. पण खरा जळलो तो एका डॉक्टरांच्या सायकलीवरची लहान मुलाची सीट बघून. मागे बसवलेली. पट्टे, पाय ठेवायला खोबणी, डोक्याला गादी, वर उन्हासाठी छत. त्यात त्यांचा मुलगा झोपला होता. कलेक्टरसारखा. मी चाळिशी उलटलेला माणूस, एका झोपलेल्या पोरावर जळलो. माझ्या मुलीने गोधडीवरून बोट दाखवलं. "पप्पा, ते." एवढंच.

त्या दिवशी एरंडोल रस्त्याला जायचं होतं. ग्रुपमधल्या एका शेठचं शेत तिकडे. हिवाळ्याचे दिवस, शेतात भरीत-पुरी. जळगावात हिवाळ्यात कुणी कुणाच्या शेतात भरीत खाल्लं नाही तर नातं तुटलं म्हणायचं. सगळे भुर्रकन पुढे गेले. गिरणेच्या पुलावर मी आणि माझी पोर दोघंच. ती घंटी वाजवत होती, मी धापा टाकत होतो. तिला वाटलं दोन्ही मिळून एकच गाणं आहे.

शेताच्या गेटशी पोचलो तेव्हा वाटेत चहाला थांबलेले डॉक्टर आत वळत होते. सायकलवरूनच. पोरगं मागे झोपलेलंच. मीही हँडल वळवलं. आतून शेठचा आवाज आला, "ए, ती काळी सायकल बाहेरच ठेवायला सांग! फोटो काढायचेत इथे!"

राखणदार म्हातारा पुढे आला, बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. सांगताना त्याचाच आवाज खाली गेला होता. "भाऊ, सायकल आठेच लाव. गडीसन्या सायकली आठेच ऱ्हातीस."

'मी गडी नाही' हे ओठांवर आलं होतं. गिळलं. भिंतीला टेकलेल्या सायकली अगदी माझ्या सायकलीसारख्या. माझा बापही गडीच होता.

आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी उतरलेलो आहे. कधी उतरलो कळलं नाही. म्हाताऱ्याने सांगण्याआधीच पाय जमिनीला लागले होते.

मुलगी डांडीवरून म्हणाली, "पप्पा, इथे सायकल चालत नाही?"

हे वाक्य माझं होतं, लहानपणीचं. तिच्याएवढा नसेन, थोडा मोठा असेन. हीच सायकल, हीच डांडी. आमचं गाव याच रस्त्याला, थोडं पुढे जाऊन आत. वेशीतून आत गेलं की मोठ्या घराचा ओटा लागायचा. ओटा दिसला की आबा खाली उतरायचे. चप्पल काढून कॅरिअरला अडकवायचे. मान खाली घालून सायकल हाताने ढकलत न्यायचे. मला म्हणायचे, "उतर रे भाऊ, आते पायी चालनं पडी." ओटा मागे गेला की पुन्हा चप्पल, पुन्हा सायकल. आम्ही गावाबाहेरच्या वस्तीतले. ओट्यावर कुणी बसलेलं असो की नसो. रिकाम्या ओट्यासमोरही आबा उतरायचे. मला कित्येक वर्षं वाटत होतं की तिथल्या जमिनीतच काहीतरी आहे. तिथे सायकल चालतच नाही.

माझ्या पायांना ते अजून पाठ होतं. नोकरी लागली, जळगावात घर झालं, पाय तेच.

मी मुलीला म्हणालो, "चालते."

टांग मारली. पहिल्यांदा चुकली, पोट मधे आलं. दुसऱ्यांदा बसलो. म्हातारा बाजूला झाला. दुसरीकडे बघत म्हणाला, "जा भो. मी काहीच देखं नही."

गेटपासून शेतातल्या घराच्या ओट्यापर्यंत केळीच्या मधून वाट होती. मी पायडल मारत गेलो. मुलगी घंटी वाजवत होती. वांगी भाजायला पेटवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यात गेला. थेट ओट्याशी जाऊन ब्रेक मारला. ते ब्रेक ओरडतात. सगळे वळले.

शेठ म्हणाले, "गेटवर सांगितलं नाही का तुम्हाला?"

"सांगितलं."

"मग?"

"डॉक्टरांचा मुलगा सायकलवर बसून आत आला. माझी मुलगी पण सायकलवरच येणार."

या वेळी कुणी हसलं नाही. मीही नाही. काळी सायकल त्यांच्या सायकलींच्या ओळीत मधोमध उभी केली. पंगतीत मुलीला मांडीवर घेऊन बसलो. भरीत खाल्लं. फक्कड झालं होतं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांच्या त्या सीटवर अजूनही जळतो, तेही खोटं कशाला बोलू. पण सीट नाही म्हणून माझी पोर कुणाच्या दारात उतरणार नाही. मीही उतरणार नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती गोधडीची गादी झटकत होती. म्हटलं, "पुढच्या रविवारी ग्रुप नाही. गावी जाणार. त्या ओट्यासमोरून, पोरीला डांडीवर घेऊन. न उतरता."

गादी तिने पुन्हा डांडीवर बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

"जा," ती म्हणाली. "हेल्मेट सरळ घाला. आणि ओटा आला की घंटी तिला वाजवू द्या."