उलटी चालणारी बाई

आधीच सांगून टाकते — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काहीही आमच्या घरात चालत नाही. बौद्ध घर आहे, बावीस प्रतिज्ञा मला लहानपणापासून पाठ आहेत. त्यात मी एसटीत कंडक्टर. दिवसभर जिवंत माणसांशी भांडून घसा बसतो, मेलेल्यांसाठी वेळ कुठून आणू? या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचे ते निव्वळ करमणूक म्हणून. आता मीच लिहायला बसलेय... हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला आम्ही तिघी राहतो. मी, माझी आई आणि माझी पोरगी श्रावस्ती. नवरा पुण्याला कंपनीत आहे, सुटी मिळाली की येतो. श्रावस्तीची यंदा बारावी झाली आणि तिला वेड आहे जपानी-कोरियन कॉमिक्सचं. जपानी मंगा, कोरियन वेबटून — त्यातही डोक्याचा भुगा करणारे, भीतीचे. शेजारचा माणूस गोड हसतो आणि चार पानांनंतर त्याच्या फ्रीजमध्ये काय आहे ते दिसतं... आरशातली मुलगी खऱ्या मुलीच्या आधी डोळे मिटते... असलं सगळं. मी एकदा तिच्या खांद्यावरून डोकावले तर मला जेवण गेलं नाही.

"काय वं, अभ्यासाच्या नावानं मुडदे पाहून राह्यली का?"

"मुडदे नाही मम्मी, सायकॉलॉजी आहे," म्हणे.

पण पोरीचा हात! मी आई आहे म्हणून सांगत नाही — म्हणजे आई आहे म्हणूनही सांगते, काय बिघडलं? साध्या मोबाइलवर, बोटानं चित्रं काढते. तिच्या चित्रातलं रिकामं घर पाहिलं तरी पाठीवर काटा येतो. नातेवाईक म्हणतात, पोरगी काय भुतं काढते, काही शोभेलसं काढायला सांग. मी म्हणते, तुमच्या पोरांना सरळ रेघ तरी येते का ते आधी पाहा.

तर उन्हाळ्याच्या सुटीत तिनं स्वतःचं एक छोटं पुस्तक केलं. त्यात संवाद एकही नाही, नुसती काळी-पांढरी चित्रं. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलं आणि जपानी पुस्तकासारखं उजव्या बाजूनं शिवलं. जपानी कॉमिक उजवीकडून डावीकडे वाचतात म्हणे. आपण ज्याला शेवटचं पान म्हणू, तिथून त्यांची गोष्ट सुरू होते.

तिची गोष्ट अशी होती. शेतात एक विहीर, आणि तिच्या काठावर आतून आलेले दोन हात. मग विहिरीपाशी उभी असलेली एक बाई, हातात घागर. ती एका घराकडे यायला लागते... पण उलटी! तोंड विहिरीकडे, पाठ घराकडे. पानापानाला ती पाठ जवळ येत जाते. शेवटी ती घरात येते, झोपलेल्या मुलीवर वाकते, हसते आणि घागर तिच्या तोंडावर पालथी करते. बस्स, खलास. मी पाहिलं आणि पुस्तक लांब सरकवलं. "पोरी, तू फार पुढं जाशील," म्हटलं, "पण हे माझ्या उशाशी ठेवू नको."

आता माझ्या आईबद्दल. तिचं माहेर मुकुटबनकडचं एक खेडं, नाव मुद्दाम देत नाही. ती अगदी लहान असताना तिची माय घरातून नाहीशी झाली. कोणासोबत तरी पळून गेली, असं सगळ्या गावानं सांगितलं. पळालेलीची पोर — हे ऐकत आई वाढली. तिच्या लग्नातही ते निघालं होतं. आपल्या मायचं नाव ती घरात कोणाला काढू द्यायची नाही. आईच्या तोंडून मायबद्दल मी एकच वाक्य ऐकलं होतं, "मले टाकून गेली थे."

त्या दुपारी माझी साप्ताहिक सुटी होती. आई तुरीची डाळ निवडत होती. हात पुसून तिनं ते पुस्तक उचललं आणि उघडलं — आपण उघडतो तसं, डाव्या बाजूनं. म्हणजे गोष्ट शेवटापासून.  म्हटलं, दोन पानं पाहील आणि नातीला रागावेल.

ती रागावली नाही. सावकाश एकेक पान उलटत राहिली. मग पुस्तक छातीशी धरून अशी रडायला लागली की शेजारची बाई धावत आली. माझा बाप गेला तेव्हाही माझी आई अशी रडली नव्हती हो!

"हे माही माय होय," आई म्हणाली. "पाह्य वं, हातावर विंचू गोंदलेला हाय. माह्या मायच्या हातावर होता."

श्रावस्ती घाबरून गेली. "आजी, तू उलटं वाचलं! ते इकडून वाचायचं असतं. ती बाई उलटी चालत येते, म्हणून तर भीती वाटते..."

"उलटी कुठं? सरळ तर चालली. पोरीच्या आंगावर ठिपके पाह्य, गोवर निंगाला, ताप हाय. घागरीतला शेवटचा घोट तिच्या तोंडात घातला. घागर रिकामी झाली म्हनून निंगाली पाण्याले. अन्..." आईनं विहिरीच्या चित्रावर बोट ठेवलं.

मी ते पुस्तक घेतलं आणि आईसारखं वाचलं.  चित्रं तीच, पण भीतीचं नावही उरलं नव्हतं. लेकराकडे पाहून हसणारी बाई, दारातून बाहेर पडणारी बाई, लांब लांब जाणारी बाई... आणि मग ते दोन हात.

मी स्वभावानं शंकेखोर आहे. पहिलं पोरीलाच धरलं. आजीनं कधी सांगितलं होतं का? नाही. विंचू कुठून आणला? "माहीत नाही मम्मी, तो हात तसाच दिसला." आईला विचारलं, तू गोंदणाबद्दल कधी बोलली असशील... ती माझ्यावरच उखडली, "मी त्या बाईचं नाव घेत नव्हती, गोंदन कायले सांगू?"

मग आईनं ठरवलंच. लग्नानंतर ज्या गावात पाय ठेवला नाही, तिथं जायचं. यवतमाळ, पांढरकवडा करत आम्ही तिघी गेलो. तिथं आईची आत्या आहे — नव्वदीला टेकलेली, नजर मात्र शाबूत. विधवा होऊन माहेरी परतली ती तिथंच राहिली. आईनं चहासुद्धा घेतला नाही. पुस्तक उघडून विहिरीचं पान म्हातारीपुढं धरलं. त्या चित्रात विहीर समोरून दिसत नाही. झाडाच्या दोन फांद्यांच्या मधून दिसते, वरून.

म्हातारीनं पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं.

"कोनं काढलं हे?"

"माह्या नातीनं. काहून?"

"पाटलाची इहीर होय हे," म्हातारी म्हणाली. "आपली नाल्यातली पान्याची झिरी आटली होती. तू तापानं फणफणली, पानी पानी करत होती. आपल्याले त्या इहिरीले शिवू देत नव्हते. वैनी म्हने, पोरगी मरू देऊ का? मले चिंचेवर चढवलं, कोनी येते का पाहाले. बेचक्यातून मले सारं दिसे... तिचा पाय सटकला. मी ओरडली नाही वं, भेवानं तोंडच उघडलं नाही." मग म्हातारीनं पुढचं सांगितलं. इहीर बाटवली म्हणून वस्ती जाळतील, या धाकानं घरच्यांनी रात्रीतून तिला बाहेर काढून गुपचूप माती दिली, आणि गावाला सांगितलं की पळाली.

आई उसळून म्हणाली, "सारा जलम मी तिले शिव्या देल्या आत्या! तुले एक डाव सांगवलं नाही?"

म्हातारी रडत राहिली. मग श्रावस्तीकडे वळून तिनं विचारलं, "पन पोरी, तिथं मी एकटीच होती. चिंचेचं मी माह्या नवऱ्यालेही सांगतलं नाही. तुले त्या चिंचेवरून कसं दिसलं?"

  श्रावस्तीला आजही विचारलं की म्हणते, ती फ्रेम तशीच सुचली. मी आजही भूत मानत नाही. योगायोग म्हणावा तर विंचू, विहीर, फांद्या, किती योगायोग मोजू? तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा, मी हरले. एवढंच म्हणते की माझ्या पोरीच्या बोटात जे काही आहे, त्यानं माझ्या आईला तिची माय परत दिली. याचा मला माज आहे, आणि तो राहणार.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. बाजूच्या अनोळखी बाईनं सहज विचारलं, "माहेर कोनतं बाई तुमचं?"

आईनं ताठ बसून गावाचं नाव सांगितलं, मग मायचं नावही सांगितलं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. म्हणाली, "माह्यासाठी पानी आनाले गेलती."