सरंजाम आधी की वारू?

घरी परतून बराच वेळ झाला. आमचे हे केव्हाच घोरायला लागले. मला कसली झोप! तेव्हा थोरलीबद्दल लिहूनच टाकते.

थोरली म्हणजे माझी मोठी लेक. दिवसा प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते, त्यामुळे बोटं कायम काळी. घरी आली की उभ्याउभ्या चार घास गिळते आणि संगणकासमोर जाऊन बसते. "अगं, पाठीचं धनुष्य होईल," म्हटलं की म्हणते, "होऊ दे, बाण सोडायला कामाला येईल."

संगणक सुरू झाल्यावर आतून सगळं हलवणारी जी यंत्रणा असते, ती ऑपरेटिंग सिस्टीम, लोक विकत घेतात. थोरली आणि तिच्यासारखे ठिकठिकाणचे वेडे ती फुकट बनवून वाटतात. कुणीही घ्या, उघडून बघा, हवी तशी बदला. अट एकच. ज्याने जो भाग लिहिला, त्याचं नाव त्यातून पुसायचं नाही. ही अट थोरलीनेच लिहिली होती आणि सगळ्यांनी ती मान्य केली होती.

या यंत्रणेचा गाभा, म्हणजे यंत्राला जाग आणणारा भाग, एका गृहस्थांनी लिहिला. फोटोत दाढीच तेवढी दिसते, म्हणून घरात आम्ही त्यांना दाढीवाले म्हणतो. त्यांनी गाभ्याचं नाव ठेवलं वारू. पण त्यावर मजकूर लिहायचा, फायली हलवायच्या, कागद छापायचे, तर ती सगळी साधनं थोरलीची. त्यांचं नाव सरंजाम. लोक मात्र अख्ख्या यंत्रणेलाच वारू म्हणायला लागले. सुटसुटीत पडतं ना!

थोरलीचा तिळपापड. "घर मी बांधायचं आणि पाटी पाया खणणाऱ्याची?"

दाढीवाले उलट लिहायचे, "पायाशिवाय उभं करून दाखवा, ताई." दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण ईमेलवर वर्षानुवर्षं जुंपलेली.

यंदा जवळच्या वाचनालयाने आपल्या सगळ्या संगणकांवर ही यंत्रणा घालायची ठरवली. प्रत्येकावर नावाचं स्टिकर लावायचं होतं. मग तर दोघंही हट्टाला पेटले. दाढीवाल्यांनी कळवलं, "नाव फक्त वारू. मी स्वतःची साधनं लिहिली आहेत. सरंजामाशिवाय चालवून दाखवायला येतोय."

"चालवलंत तर मी बाहेर," थोरलीने उत्तर धाडलं.

दुकानातून थकून येते ती या कामासाठी. तेच सोडलं तर पोरगी उभी कशावर राहणार? ह्यांना म्हटलं तर म्हणतात, "तुझीच लेक. नमतं घेईल होय?" शेवटी डबा द्यायचं निमित्त काढून मीच वाचनालयात जाऊन बसले.

दाढीवाले माझ्या कल्पनेपेक्षा बुटके निघाले, आणि दाढी पिकलेली. त्यांनी ग्रंथपालबाईंच्या टेबलावरच्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावला. प्रोजेक्टरमधून त्याचं मोठं चित्र भिंतीवर उमटत होतं. खुर्च्या भरलेल्या. थोरली दाराशी उभी, पिशवी खांद्यावर, निघायच्या तयारीत.

"बघा. सरंजामाचं एकही साधन यात नाही," दाढीवाले म्हणाले आणि बटण दाबलं.

भिंतीवरचं चित्र काळं झालं. मग भराभर ओळी धावल्या आणि एक ओळ भिंतभर अक्षरांत येऊन थांबली: 'मजकूर लिहिण्याचा भाग सरंजाममधून घेतला आहे.' आणि खाली माझ्या लेकीचं नाव, आडनावासकट!

मी खुर्चीतून उठलेच. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, हे तर हिचंच!"

"तेवढा भाग तात्पुरता म्हणून घेतला होता. दोन वर्षं रोज ही ओळ बघतोय हो," दाढीवाले कपाळावर हात मारून म्हणाले. "इतकी सवय झाली की दिसेनाशीच झाली."

थोरली दारातून तरातरा पुढे आली. आता ही बोलणार आणि सगळं संपणार!

"एवढं भांडलात," ती म्हणाली, "मग ही ओळ काढून का नाही टाकलीत?"

"काढायची कशी? नियम आहे."

"माझ्याशी भांडताना माझा नियम पाळलात?"

"नियमाशी कुठे भांडण होतं, ताई? भांडण तुमच्याशी होतं."

थोरलीने पिशवी खाली ठेवली. आधी ओठ दाबून धरले, मग अशी खो खो हसली की दाढीवालेही हसायला लागले.

"ठीक आहे, दोन्ही नावं," दाढीवाले म्हणाले.

पण ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरला. नुसत्या 'वारू'ची स्टिकरं छापून झाली होती, आणि शेवटच्या कागदाला प्रिंटर अडकला होता. थोरलीने बाह्या सरसावल्या आणि सरळ फरशीवर बसून प्रिंटर उघडला. दाढीवाले शेजारी उकिडवे बसले आणि मोबाइलचा उजेड धरला. अडकलेला कागद निघाला, रोलर पुसला, यंत्र गुरगुरलं. मला वाटलं, देव पावला.

"छापा आता, सरंजाम-वारू," थोरली म्हणाली.

"सरंजाम आधी? वारू-सरंजाम म्हणा!"

"का म्हणून?"

"आधी सुरू काय होतं?"

"आणि नुसतं सुरू करून बघत बसणार का?"

झाली पुन्हा सुरुवात! मी डबा उघडून दोघांच्या मध्ये ठेवला. न बघताच दोघांनी त्यात हात घातला. थोरली चक्क बसून जेवली.