ताजा चिरा

गाडीची क्लच प्लेट मीच खाल्ली, हे आधी कबूल करतो. चढावर थांबायची वेळ आली की मी हँडब्रेक ओढत नाही, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो. बायको सांगून दमली, पण मी कोणाचं ऐकतोय? शेवटी त्या मार्चात गाडी चढावर नुसती ओरडायला लागली. पाय दाबला की इंजिन गरगरायचं, गाडी जागची हलायची नाही आणि आत जळका वास सुटायचा.

गॅरेजवाला शिमग्याला गावी गेलेला. आम्हालाही देवरूखच्या पुढे आमच्या गावी पालखीला जायचं होतं. माझा थोरला भाऊ तेव्हा सुट्टीवर आला होता. तो बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर आहे. म्हणाला, "त्यात काय एवढं? तुझी गाडी जुनी, पुढची चाकं ओढणारी. इंजिन नि गिअरबॉक्स शेजारी शेजारी आडवे. डावीकडून गिअरबॉक्स उतरवला की प्लेट हातात. अंगणातच काढू."

जॅक एकच होता आणि तो इंजिनाखाली लागणार होता, कारण गिअरबॉक्स सुटला की इंजिन लोंबकळतं. मग गाडी कशावर टेकवायची? इकडे कोकणात कोणालाही विचारा, जांभ्या दगडाचा चिरा सांगेल. आमच्याकडे पिंप चिऱ्यावर, कपाट चिऱ्यावर, पाण्याची टाकीही चिऱ्यावर. कुंपणासाठी आदल्याच दिवशी खाणीवरून चिरे आले होते. मी ते दोन्ही बाजूंना दोन-दोन रचले, वर फळी ठेवली आणि गाडी टेकवली. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, ऊन-वारा खाऊन मग घट्ट होतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. जुने चिरे मागच्या दारी पडले होते, तिथवर जायचा मला कंटाळा आला.

"काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या दाराखाली सरकव," दादा म्हणाला. "चिऱ्यावर भरवसा ठेवू नको."

"मला गाडीतलं कळतं रे."

"कळतं ना. क्लच खाण्याइतकं कळतं."

माझं डोकं फिरलं. चाक तसंच भिंतीला टेकवून ठेवलं. दादा गाडीखाली शिरला आणि थोड्या वेळाने त्याने खालून विचारलं, "चाक घातलंयस ना?"

"हो."

आता घालू, हा पाना दिला की घालू, असं काहीतरी मनात असेल. पण घातलं नाही, हे खरं.

एक्सल निघाला, गिअरबॉक्स खाली आला. जुनी प्लेट घासून पार रिव्हेटपर्यंत गेलेली. दादाने पोफळीच्या लाकडाची दांडी तासून ठेवली होती. ती मधोमध घालून नवी प्लेट बरोबर जागी बसवली आणि प्लेट आवळून दांडी काढून घेतली. मग राहिलं सगळ्यात कठीण काम. उताणं पडून गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा आणि त्याचा शाफ्ट प्लेटच्या दात्यांत जाईपर्यंत वर रेटत राहायचा. मी वरून बॉनेटमध्ये वाकून हात देत होतो. शाफ्ट काही केल्या शिरेना.

तेवढ्यात माझी नजर खाली गेली. दादाच्या पँटवर लाल भुकटी पडत होती. आधी वाटलं, गंज असेल. मग वरच्या चिऱ्याकडे पाहिलं. त्याला बोटभर चीर गेली होती आणि तिच्यातून भुकटी सारखी गळत होती.

ओरडलो असतो तर दादा दचकला असता, आणि छातीवर तेवढं ओझं घेऊन त्याला सरपटता आलं नसतं. गाडी उचलायला जॅक काढला असता तर इंजिन त्याच्या अंगावर आलं असतं.

"दादा, जरा एकटा पेल. हात पुसतो."

"पेलतो. पण लवकर ये."

भिंतीपर्यंत मी चालत गेलो. धावलो तर त्याला कळेल याची भीती होती. चाक आडवं करून दाराखाली लोटलं, तर ते अर्ध्यावर अडकलं. गाडी तोवर खचली होती. मी जमिनीवर बसलो आणि दोन्ही पायांनी चाक रेटायला लागलो. अंबाबाईला काय काय बोललो ते आता आठवत नाही.

"काय घासतंय रे?"

"काही नाही. चाक नीट करतोय."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा शाफ्टच्या मागे लागला.

चाक आत गेलं आणि चिरा गेला. आवाज मोठा नव्हता, कडक भाकरी मोडावी तेवढाच. गाडी दोन बोटं खाली आली आणि टायरवर थांबली. मी गाडीखाली वाकून पाहिलं.

"दादा."

"आहे," तो म्हणाला. "हादऱ्याने शाफ्ट बसला बघ. वरचे बोल्ट लाव."

मी बोल्ट लावले. दादा बाहेर आला, त्याने फुटलेला चिरा पाहिला, चाक पाहिलं आणि ग्रीसचा हात माझ्या मानेवर ठेवला. "कितीही तणतणलास तरी सांगितलेलं करतोस. चाक आधी घातलंस म्हणून मी आज आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटत होती, फार वाटत होती, पण ती शाबासकी सोडवेना. गावी पालखी नाचवून झाल्यावर वहिनीने मला बाजूला बोलावलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "भावोजी, तुम्ही जवळ असलात की मला यांची काळजी नसते." मी मान हलवली.

गाडी आता चढ सहज चढते आणि मी हँडब्रेक ओढतो. परवा बोटीवरून दादाचा फोन आला. त्याच्या हाताखाली नवीन माणसं आली आहेत. म्हणाला, "त्यांना पहिल्याच दिवशी तुझी गोष्ट सांगितली. आधी आधार, मग काम. माझ्या भावासारखं."

मी विचारलं, तिकडे हवा कशी आहे.