उंबऱ्याबाहेरची बिडी

आजाऱ्याला भेटायला जाताना आमच्या पाम गावात तेव्हा बिडीचं बंडल न्यायची रीत होती. केळी पोरांना, बिडी आजाऱ्याला. आमचे हे मुंबईहून ऑपरेशन करून परतले आणि बघता बघता कोनाडा बंडलांनी भरला.

हे तारापूरला वीजघराच्या बांधकामावर सुतार होते. लघवीतून रक्त जायचं, तर म्हणायचे, उष्णता झालीय. शेवटी मीच ओढत मुंबईला नेलं. डॉक्टरांनी मूत्राशयातली गाठ जाळली आणि मला बाजूला घेतलं. "कॅन्सर आहे, बाई. ही गाठ पुन्हा उगवते. बिडी चालू राहिली तर आमच्या उपचाराचं काही खरं नाही, मग लघवीची पिशवीच काढावी लागेल. दर तीन महिन्यांनी आत बघायला आणा."

मी कोनाडा रिकामा करून सगळी बंडलं चुलीत घातली. थोरले दीर खवळले. "घरी आलेल्या मानसाला बिडी पन नाय? आन बिडीनं लगवी मोकळी होते, तुला काय कळतंय?"

"तुमचा मान मी चायनं ठेवीन, भावोजी. पन बिडी उंबऱ्याआत येनार नाय."

गावात मी कजाग ठरले. म्हटलं, ठरू दे. हे दिवसभर बडीशेप चघळत आणि माझ्यावर डाफरत.

पहिल्या तपासणीत आत स्वच्छ होतं. दुसऱ्या वेळी बारीकशी गाठ दिसली. डॉक्टरांनी ती लगेच जाळली. बोईसर स्टेशनवर उतरल्यावर हे बाकावरच बसले. "बिडी सोडूनबी गाठ आली ना? मग मन कशाला मारू?"

मला रागाने रडूच फुटलं. "बारीक हाय, पिशवी वाचली, आसं डाक्टर बोलला ना? इतकी वर्सं वढलात, ते सहा महिन्यात धुवून निगंल काय?" हे उठून चालू लागले.

घरी आलो तर दीर ओट्यावर वाट बघत होते. बातमी ऐकून त्यांचे डोळे भरले. खिशातून बंडल काढून त्यांनी भावापुढे धरलं. "घे रे. आता काय ऱ्हायलंय?"

हे उंबऱ्यात थांबले होते, मी आत चुलीपाशी उभी होते. हे बंडलाकडे बघत राहिले.

"दादा," हे म्हणाले, "ती बिडी भायेर ठेव. आन तू आत ये."

दिरांनी बंडल पायरीवर ठेवलं आणि ते आत आले. मी चहाचं आधण ठेवलं.