कधीपासून

ताइस्तो किन्नुनेन अठ्ठावीस वर्षं गावच्या नेमबाजी मंडळाचा प्रशिक्षक होता. फुशारकी मारणाऱ्याला तो लवकरच घरी पाठवी; गप्प माणसावर मात्र त्याचा विश्वास चटकन बसे. पिस्तूल हवं असेल त्याने दोन वर्षं नियमाने सराव करायचा आणि प्रशिक्षकाचा दाखला पोलिसांना द्यायचा, असा तिथला कायदा. ताइस्तोने असे दाखले मोजकेच दिले.

तुओमोला दिला.

तुओमो राटिकाइनेन बत्तीस वर्षांचा, लाकडाच्या गिरणीत कामाला. दर मंगळवारी यायचा, उणे वीस अंशांच्या थंडीतसुद्धा. सराव झाला की दोघं बाकावर बसून थर्मासातली कॉफी पीत, समोरच्या झाडांकडे बघत.

"आज हात थरथरतोय, म्हाताऱ्या," एकदा तुओमो म्हणाला.

"कॉफी कमी पी."

"मग तुझ्यापाशी बसायचं कशाला?"

हा विनोद ताइस्तोने घरी जाऊन बायकोला, राइलीला सांगितला. त्यांना मूल नव्हतं. पोराचं कौतुक सांगावं तसा तो हा विनोद घरी आणतोय, हे राइलीच्या लक्षात आलं.

दाखल्यावर 'कारण' अशी एक ओळ होती. तुओमोला न विचारताच ताइस्तोने तिथे 'खेळ' लिहिलं. माणूस नेम का धरतो हे विचारणं त्याला दुसऱ्याच्या खिडकीतून आत डोकावण्यासारखं वाटे.

चार महिन्यांनी एका शनिवारी त्याच पिस्तुलाने तुओमोने बाजाराच्या दालनात सहा माणसं मारली.

का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांनी कित्येक आठवडे तपासलं आणि गोळ्या झाडताना तो भानावर होता एवढंच लिहिलं. खटला अडला तो दुसऱ्याच प्रश्नावर. बचावाचे वकील म्हणत होते, शेवटच्या महिन्यात नोकरी गेली आणि त्याचं डोकं फिरलं. आधी ठरवून काही नव्हतं. हे पटलं तर शिक्षेला शेवट होता. ठरवून केलं असं निघालं तर जन्मठेप.

ताइस्तोलाही तेच हवं होतं, शेवटच्या महिन्यात बिघडलेला तुओमो. म्हणजे त्याआधीचे सगळे मंगळवार खरे राहिले असते. मेलेल्यांच्या सहा घरांतली माणसं कोर्टात मागे बसलेली असताना आपल्याला असं वाटतंय, याची त्याला शरम वाटत होती. तरी वाटत होतं.

तो साक्षीला उभा राहिला तेव्हा पडद्यावर तुओमोच्या हातचा, तारीख नसलेला नकाशा होता. माणसं मारली गेली ती दालनातली तीन टेबलं: दोन डावीकडे जवळजवळ, तिसरं मागे दाराशी. ताइस्तो बघत राहिला. ही मांडणी त्याने ओळखली.

"शेवटच्या महिन्यात तो बदलला होता, नाही का?" बचावाच्या वकिलाने मऊ आवाजात विचारलं.

एक 'हो' पुरला असता. ताइस्तोने तुओमोकडे पाहिलं. तुओमो नखं बघत होता.

"नाही," ताइस्तो म्हणाला. "पहिल्याच मंगळवारी त्याने लक्ष्यं अशी मांडायला सांगितली. दोन डावीकडे, एक मागे. सवय करतो म्हणाला. दर वेळी मीच मांडून देत होतो."

तुओमोने मान वर केली आणि जरा हलवली. अचूक नेम लागल्यावर हलवायचा, तशीच.

निकाल आला: सहा खून, ठरवून केलेले, जन्मठेप. प्रशिक्षकाच्या साक्षीवरून बेत किमान दोन वर्षांचा दिसतो. हेतू निश्चित करता आला नाही, एवढं एक वाक्य शेवटी होतं.

राइली बाहेर गाडीत थांबली होती. का केलं ते कळलं का, असं तिने विचारलं.

"नाही. कधीपासून ते कळलं."

तिने हिशोब केला असावा. "म्हणजे माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्याने येऊन लाकडं फोडून दिली, तेव्हाही?"

"तेव्हाही."

गाडी पुलापर्यंत गेली. "ती लाकडं मी चुलीत घालणार नाही," राइली म्हणाली.

शेडमध्ये दुसरी लाकडं नव्हती, आणि हिवाळा अजून तीन महिने होता.