टोपी, दारू, गोळी, दाब

आमचे हे काम करताना तोंडाने बोलतात. इथे आखातात आल्यावर सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, तेव्हापासूनची खोड. आता एका शूटिंग रेंजवर पिस्तुलं दुरुस्त करतात आणि सरावासाठी वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतात, तरी तोंड चालूच. "टोपी. दारू. गोळी. दाब." पुंगळीच्या बुडाला ठिणगी देणारी टोपी, आत बंदुकीची दारू, वर गोळी, मग दाबून बंद: चार शब्द झाले की एक काडतूस तयार. मी त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा करायचे.

खिशात मावणाऱ्या पिस्तुलांचं काम सगळ्यात नाजूक, असं ते सांगत. नळी बोटाएवढी, नेम आधीच कच्चा, आणि दारू चिमूटभरसुद्धा नाही. ती जराशी कमीजास्त झाली की गोळ्या कागदावर कुठेही विखुरतात. आणि घालायचीच राहिली, तर टोपीच्या नुसत्या धक्क्याने गोळी नळीत अडकते. मागून दुसरी आली की पिस्तूल मुठीतच फुटतं.

एका शुक्रवारी सकाळी रेंज बंद होती. ह्यांना नव्या काडतुसांचा नेम तपासायचा होता, म्हणून मीही सोबत गेले. आत शिरलं की कानांवर मफ चढवायचे, हा तिथला नियम. ते मफ मोठा आवाज दाबतात आणि बारीक आवाज वाढवतात. भिंतींना सगळीकडे काळा फोम. माझ्या ओढणीची सळसळ मला कानाशी कुणी कुजबुजल्यासारखी ऐकू येत होती. ह्यांनी आवंढा गिळलेलाही कळत होता. सुरुवातीला गंमत वाटली, मग नको वाटायला लागलं.

"टोपी. दारू. गोळी. दाब." मी मोबाइल बघत होते. "टोपी."

पुढे काहीच नाही. मी मान वर केली. पुंगळी बोटांत धरून ते समोरच्या फोमकडे बघत होते. डोळे सताड उघडे, पापणी हलत नव्हती. मी मोबाइल खाली ठेवला. तिथे माझा नवरा बसलेला नव्हता, एवढंच मला कळत होतं. मग ओठ हलले. "गोळी. दाब." काडतूस ट्रेमध्ये बाकीच्यांत जाऊन पडलं आणि पुढचं सुरू झालं, चारही शब्दांसकट.

मला धीर येईपर्यंत त्यांनी पिस्तूल हातात घेतलं होतं.

"अहो, थांबा. त्यातल्या एकात दारू नाहीये."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्ही दारू म्हणालाच नाहीत."

"म्हणालो की!"

"मग वजन करून बघा."

"वजनात नाही कळत गं. पुंगळ्यांच्या वजनातच त्याहून जास्त फरक असतो."

म्हणजे सगळी सारखीच दिसणार, आणि त्यातलं एक रिकामं. माझं डोकंच फिरलं. ट्रे उचलून मांडीवर घेतला आणि म्हटलं, आता झाडा बघू कसं झाडताय ते.

"बरं बाई, सगळी उघडून दाखवतो. मग विषय खलास," ते म्हणाले.

त्यासाठी एक पोकळ हातोडी असते. तिच्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी आणि दारू बाहेर पडते. ते एकेक आपटत गेले. प्रत्येक वेळी गोळी आणि राखाडी दारू. ते माझ्याकडे बघून हसायला लागले होते. मग एकातून नुसती गोळी पडली. त्यांनी हातोडी उलटी करून झटकली, पुन्हा झटकली. पुंगळीत बराच वेळ डोकावून पाहिलं. हे कसं झालं, असं मात्र त्यांनी विचारलं नाही.

पार्किंगमध्ये त्यांनी गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली.

"परवा बुदैयाच्या हायवेवरही असंच झालं," ते खाली बघत म्हणाले. "भानावर आलो तेव्हा गाडी चालतच होती. मागे आपली पोर बसलेली."

परवा घरी आल्या आल्या पोरगी नाचत माझ्याकडे आली होती. "मम्मा, टुडे पप्पा ड्रोव्ह सो फास्ट!" आणि मी हसले होते.